सील आमच्यासमक्ष फोडले

टोचन करून न्यायची वेळ कोणाच्याही गाडीवर येऊ शकते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त पुढची गाडी मेहुण्याची नसावी, एवढी काळजी माणसाने घ्यावी.

पेपरकाकांनी ती घेतली नव्हती. चार वर्षांपूर्वी, मेहुण्याकडेच जेवायला जाताना, त्यांची गाडी पुलाच्या अलीकडे बंद पडली. डिकी उघडली तर आत एक मोडकी छत्री, लेकीचा शाळेतला एक मोजा आणि गाडीबरोबर मिळालेलं माहितीपुस्तक, तेही प्लॅस्टिकमधून न काढलेलं. मेहुणा दोरी घेऊन आला आणि गाडी ओढत घेऊन गेला. नुसती ओढली असती तर काका विसरलेही असते. पण ओळखीचं एकेक दुकान आलं की हा गृहस्थ हॉर्न वाजवायचा. त्या दिवसापासून घरात चार माणसं जमली की तो हमखास विचारतो, "काय भावोजी, आज स्वतः आलात की कोणी आणून सोडलं?" काकांना अजून एकदाही जागच्या जागी उत्तर सुचलेलं नाही. सुचतं ते घरी आल्यावर, दात घासताना.

पेपरकाका हे नाव त्यांना इमारतीने दिलेलं. नवे भाडेकरू पहिल्या आठवड्यात त्यांना वर्तमानपत्र किती वाजता टाकणार म्हणून विचारतात, पण काका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात आहेत. सव्वीस वर्षं त्यांनी प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे बांधले, शिवले आणि लाखेने सीलबंद केले. या सव्वीस वर्षांत त्यांच्या हातचा एकही पेपर फुटला नाही. गाडीच्या बाबतीत त्यांना कोणी काहीही बोलावं, पण गठ्ठ्याच्या बाबतीत बोट दाखवून दाखवावं.

तर सोमवारी संध्याकाळी लेकीने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, "आई, बाबा, रविवारी मी गाडी घेऊन एकटी जाणार."

लेकीला पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. गाव तीन तासांवर. स्वतःची गाडी असेल तर विहिरी-तलावांवर फिरून नमुने घ्यायचं काम, नसेल तर खोलीत बसून बाटल्यांना चिठ्ठ्या लावायचं. लेकीला फिरायचं होतं. चिठ्ठ्या लावायचं काम घराण्यात एकाने केलं तेवढं पुरे, असं ती म्हणाली, आणि काकांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

"एकटी? तीन तास? आणि ही गाडी?" बायकोने 'ही गाडी' म्हणताना गाडीकडे नाही, काकांकडे पाहिलं. "हे बघा, वाटेत लागेल ते सगळं गाडीत असलं पाहिजे. रविवारी सकाळी तुम्ही माझ्या डोळ्यांत बघून म्हणायचं, सगळं आहे. तरच किल्ली. नाहीतर ती बसने जाईल आणि गाडी इथेच राहील."

"आई, मला चाक बदलता येतं," लेक म्हणाली. "गॅरेजवाल्याने शिकवलंय."

"येणं वेगळं आणि वेळेला येणं वेगळं," काका म्हणाले, आणि त्यांनी कागद ओढून यादी करायला घेतली. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. काका ताकाची आधी लेखी मागणी करतात.

मंगळवारी ते यादी घेऊन गॅरेजवाल्याकडे गेले. त्याने ती लांबूनच पाहिली. "काका, एक जॅक, एक पाना, हवा भरलेली स्टेपनी. तिन्ही तुमच्या डिकीत फळीखाली आहेत. बाकी काय, देवाचं नाव घ्यायचं."

काका नाराज झाले. तीन वस्तूंत संपणारा सल्ला हा काही तज्ज्ञाचा सल्ला नव्हे. त्यांनी यादीच्या तळाशी 'जॅक, पाना, स्टेपनी : जागेवर' असं लिहिलं आणि दुसऱ्या तज्ज्ञांकडे वळले.

तज्ज्ञांना इमारतीत तोटा नव्हता. तळमजल्यावर निवृत्त दंतवैद्य राहतात. ते म्हणाले, "प्रवासात माणसाला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट कोणती? दाढ!" त्यांनी लवंगेच्या तेलाची बाटली दिली, कापसाचे बोळे दिले आणि दांडीचा तो छोटा गोल आरसा दिला. आरसा कशाला, हे काकांनी विचारलं नाही. वरच्या काकूंनी सुईदोरा आणि दोन डझन पिना दिल्या. मेहुण्याला बातमी कशी लागली देव जाणे, पण बुधवारी त्याच्याकडून एक जाडजूड दोरी आली. सोबत चिठ्ठी होती : 'भाचीला मामाकडून. टोचनसाठी. बाबांना विचार, अनुभव आहे.'

काकांनी ती चिठ्ठी चार घड्या घालून खिशात ठेवली. दोरी मात्र त्यांनी परत केली नाही, कारण दोरी खरंच चांगली होती.

बुधवारपर्यंत पत्र्याची पेटी भरली. टॉर्च, जादा सेल, पंप, बॅटरीच्या केबल, रस्त्यावर ठेवायचा लाल त्रिकोण, पट्ट्या, मलम, हातमोजे, शिट्टी, चादर, बिस्किटं, कात्री, मेणबत्ती, काडेपेटी आणि आरसा. पेटी उचलून डिकीत ठेवली तेव्हा गाडीचं मागचं अंग खाली बसलं आणि पुढचे दिवे झाडांवर जाऊ लागले. नाकापेक्षा मोती जड झाला होता, पण काका समाधानाने दोन पावलं मागे सरकून बघत होते. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले.

"हे काय?"

"संकटकालीन पेटी."

"पार्किंगची जागा वाहनासाठी आहे. पेटीसाठी नाही. नियम चौदा."

"पेटी वाहनात आहे."

सेक्रेटरींनी विचार केला. "पण आत काडेपेटी आहे. अर्ज द्या. वस्तूंची यादी जोडा. तीन प्रती."

काकांनी त्या रात्री अर्ज लिहिला. सकाळी तो परत आला, कारण तिसऱ्या प्रतीवर सही नव्हती. एका सहीसाठी माघारी पाठवलेल्या मुलांचे चेहरे सव्वीस वर्षांत काकांनी कधी नीट पाहिले नव्हते. गुरुवारी सकाळी जिन्यात उभे असताना ते सगळे चेहरे त्यांना एकदम आठवले. त्यांनी निमूटपणे सही केली आणि त्या दिवशी कार्यालयात दोन मुलांचे अर्ज तसेच घेतले. विभागात त्यावर दिवसभर चर्चा झाली.

पण अर्ज मंजूर होऊन नोटीस फलकावर लागला, यादीसकट, आणि घात झाला. आता सगळ्या इमारतीला कळलं की खाली गाडीत काय काय आहे. आधी सेक्रेटरीच आले, फ्यूज उडाला म्हणून टॉर्च न्यायला. मग सायकलवरून पडलेल्या एका मुलीसाठी पट्ट्या गेल्या. दंतवैद्य स्वतःचा आरसा उसना घेऊन गेले. कोणाच्या तरी हवा भरायच्या टबसाठी पंप गेला आणि बिस्किटं तर कोणी नेली ते कळलंच नाही. काका कार्यालयात असले की किल्ली बायकोकडे असायची, आणि दाराशी आलेल्या माणसाला नाही म्हणणं बायकोला जमत नसे. सगळं नाही म्हणणं ती काकांसाठी राखून ठेवत असावी.

शुक्रवारी संध्याकाळी पेटी उघडली तर आत चादर, शिट्टी आणि लवंगेचं तेल एवढंच होतं.

"अहो, लोकांच्या अडीअडचणीला उपयोगी पडलं की!" बायको म्हणाली.

"ती अडचण आपली असायला हवी होती!" काका म्हणाले, आणि जिना चढून दारोदार फिरले. एकेक वस्तू गोळा केली, न मिळालेली पुन्हा विकत आणली, आणि शनिवारी दुपारी त्यांनी तो निर्णय घेतला जो जगात फक्त परीक्षा विभागातला माणूसच घेऊ शकतो. त्यांनी पेटी सीलबंद केली.

पेटीला मांजरपाटाचं कापड गुंडाळलं. दाभणाने सुतळीचे टाके घातले. वरून मेहुण्याची दोरी आवळली. टोचनच्या दोरीचा यापेक्षा सन्माननीय उपयोग त्यांना सुचला नसता. मेणबत्तीवर लाख वितळवून पाच ठिकाणी ओतली. कार्यालयाचा शिक्का घरी आणणाऱ्यातले काका नव्हेत, म्हणून त्यांनी जुन्या कोटाचं पितळी बटण लाखेवर दाबलं. वर पत्ता लिहिला, आणि दोरीखाली एक छापील वाटावा असा हाताने लिहिलेला कागद अडकवला :

'ही पेटी संकटाखेरीज उघडू नये. उघडण्याची वेळ, स्थळ व कारण नमूद करावे. पेटीचे सील शाबूत होते व ते आमच्यासमक्ष फोडले, अशी दोन साक्षीदारांची सही घ्यावी. शेरा. पडताळणी करणाऱ्याची सही.'

लेकीने तो कागद दोनदा वाचला. "बाबा, रस्त्यावर साक्षीदार कुठून आणू?"

"पेपर फोडताना दोन विद्यार्थ्यांच्या सह्या घेतातच ना? मिळतात. माणसं असतात."

"आणि हे टाके कशाने कापू?"

"कात्रीने. कात्री आहे यादीत. बाविसावी."

लेकीने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. तो सहा दिवस धड झोपला नव्हता. ती म्हणाली, "छान बांधलंय बाबा," आणि कागद नीट खोचून ठेवला.

रविवारी सकाळी काकांनी शेवटची तपासणी केली. म्हणजे यादीची पहिली प्रत हातात घेतली आणि ती दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहिली. दोन्ही तंतोतंत जुळल्या. मग त्यांनी बायकोच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "सगळं आहे." किल्ली लेकीच्या हातात पडली. गाडी चालवताना फोन बंद, ही सूचना तिसऱ्यांदा देऊन झाली. आठ वाजता गाडी, मागून किंचित बसलेली, फाटकाबाहेर पडली आणि काकांना चार वर्षांत पहिल्यांदा ऊर भरून आल्यासारखं वाटलं.

साडेनऊ वाजता बेल वाजली. दारात वरच्या काकू, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड.

"फार उपकार झाले बाई. कपाटाचा पाय मोडला होता, तीन दिवस यावरच उभं केलं होतं. सुतार आत्ता येऊन गेला." त्यांनी ते बायकोच्या हातात दिलं.

वर्तमानपत्रात जॅक होता.

बायको जॅककडे बघतच म्हणाली, "गुरुवारी मीच काढून दिला हो. फळीखालून. तुमच्या पेटीला हातसुद्धा लावला नाही मी. परत आणतील म्हटलं..."

काकांच्या डोळ्यांपुढे यादीचा तळ आला. 'जागेवर.' त्यांनी पेटी पाच ठिकाणी सील केली होती आणि फळी एकदाही उचलली नव्हती. बायकोवर ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज वेगळाच निघाला. "सगळं आहे म्हणालो मी," ते म्हणाले. "तुझ्या डोळ्यांत बघून म्हणालो."

लेकीचा फोन लावला. बंद. तीनदा दिलेली सूचना ती तंतोतंत पाळत होती. मुलांनी नको तेव्हा आईबापांचं ऐकावं, याहून मोठा छळ नाही.

मग काकांनी जे केलं ते स्वतःसाठी त्यांनी जीव गेला असता तरी केलं नसतं. त्यांनी मेहुण्याला फोन लावला आणि म्हणाले, "अरे, मी बोलतोय. मला तुझी गाडी हवी आहे. तुझ्यासकट."

काका टोमण्याची वाट बघत होते. तो घ्यायची त्यांची तयारी होती. दोन घेतले असते.

"दहा मिनिटांत आलो, भावोजी," मेहुणा म्हणाला.

तो नऊ मिनिटांत आला, घरातल्या चपलांवर, अर्धी दाढी करून. काका मांडीवर जॅक घेऊन बसले. दोन कोस गेल्यावर लक्षात आलं की काकांचा फोन टेबलावर राहिलाय आणि मेहुण्याचा चार्जिंगला. म्हणजे दोन प्रौढ पुरुष, एक जॅक आणि जगाशी संबंध शून्य. परतायचं का, असं दोघांपैकी कोणीच विचारलं नाही. मेहुणा रस्त्याची उजवी कड बघत होता, काका डावी. इतक्या लांबच्या रस्त्यावर मेहुण्याने हॉर्न एकदाही वाजवला नाही.

दीड तासाने काका ओरडले, "थांब!"

रस्त्याकडेच्या झुडपावर मांजरपाटाची एक चिंधी फडफडत होती. तिला लाखेचा लाल तुकडा चिकटलेला होता आणि लाखेवर कोटाच्या बटणाची नक्षी होती.

"हे माझं सील आहे," काका म्हणाले. "इथे फुटलं."

गाडी नव्हती, लेक नव्हती. मातीत चाकांच्या खुणा होत्या, एका लहान गाडीच्या आणि एका मोठ्या गाडीच्या. मेहुण्याने काकांच्या दंडाला धरून त्यांना गाडीत बसवलं. "पुढे गेली असेल. चाकं पुढेच गेलीत, बघा ना," तो म्हणाला आणि गाडी अशी सोडली की जॅक मांडीवरून दोनदा खाली पडला.

लेकीच्या भाड्याच्या खोलीखाली गाडी उभी होती. काकांनी आधी चाकं पाहिली. मागचं डावं चाक नवं कोरं होतं, न वापरलेल्या स्टेपनीचं. मग ते दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले, वयाचा विचार न करता.

दार लेकीनेच उघडलं, हातात केरसुणी. "बाबा? मामा? आईचा फोन आला तेव्हापासून तुम्हाला फोन लावतेय!"

काकांनी दोन्ही हातांनी जॅक पुढे केला. "हा राहिला होता," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

लेकीने दोघांना गादीवर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं ते असं. चाक पंक्चर झालं. फळी उचलली तर जॅक नाही. तिने हात करून गाड्या थांबवायचा प्रयत्न केला, पाच गाड्या गेल्या, कोणी थांबेना. मग तिला बाबांचा कागद आठवला. तिने तो पुठ्ठ्यावर धरला, हातात पेन घेतलं आणि रस्त्याकडेला उभी राहिली.

"आणि पहिलाच टेम्पो थांबला बाबा! ड्रायव्हर खाली उतरला, लायसन घेऊन! म्हणाला, 'मॅडम, माझे सगळे कागद आहेत, बघून घ्या.' मी म्हटलं, कागद नकोत, साक्षीदार म्हणून सही हवी. त्याला इतकं हायसं वाटलं की जॅक स्वतःहून काढून दिला."

"आणि दुसरा?" काकांनी विचारलं. बाप असले तरी ते शेवटी परीक्षा विभागातले होते.

"तेवढ्यात स्कूटरवरून एक बाई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका. 'कसली सही चाललीय, मलाही बघू दे' म्हणाल्या. त्यांनी आधी पाचही सीलं मोजली. कात्री आतच होती, म्हणून टेम्पोवाल्याने चाकूने टाके कापले. मग मी त्रिकोण लावला, हातमोजे घातले आणि चाक बदललं. बिस्किटं तिघांनी खाल्ली. आणि बाबा, त्या आरशाने नटच्या मागची माती दिसली!"

मेहुणा हसायला लागला. पण ते हसणं नेहमीचं नव्हतं, हे काकांच्याही लक्षात आलं.

लेकीने एका पुस्तकात जपून ठेवलेला तो कागद काढून दिला. काकांनी चष्मा लावला. वेळ, स्थळ बरोबर भरलं होतं. कारणापुढे लेकीने लिहिलं होतं, 'कात्री हवी होती.' खाली टेम्पोवाल्याचं वळणदार अक्षर : 'सील शाबूत होते. जॅक माझा. चाक ताईंनी स्वतः बदलले. मी फक्त उभा होतो.' त्याच्या खाली मुख्याध्यापिकांनी शेऱ्यात ठळक लिहिलं होतं : 'सर्व वस्तू यादीप्रमाणे मिळाल्या. जॅक आढळला नाही. मुलगी अजिबात घाबरली नव्हती. हे तिच्या वडिलांना कळावे.'

काकांनी ती शेवटची ओळ तीनदा वाचली. मग कागद मेहुण्याकडे दिला. मेहुण्याने वाचला आणि विचारलं, "भावोजी, असा एखादा कोरा कागद आहे का? माझ्या गाडीत ठेवीन म्हणतो."

"तीन प्रतींत अर्ज दे," काका म्हणाले. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना जागच्या जागी उत्तर सुचलं होतं.

लेकीने आईला फोन लावून दिला. बायकोचा आवाज रडवेला होता. "पोहोचलात का? मला फोनवर 'पंक्चर झालं होतं, पण पोहोचले' एवढंच म्हणाली, खरंच बरी आहे ना? चाक कोणी बदललं मग? कोणा वाटसरूने?"

"तिनेच बदललं."

"आणि तुम्ही?"

काकांनी लेकीकडून पेन घेतलं, कागद गुडघ्यावर सपाट केला आणि 'पडताळणी करणाऱ्याची सही' या ओळीवर आपली सही केली. अक्षर थोडं हललं.

"मी? मी सही केली," ते म्हणाले.